साखरा ते पेरमगट्टा, सत्तर मिनिटं

१० मार्च

पोचलो, आणि तेही थाटात! सकाळी साडेनऊला पेरमगट्ट्याहून उडालो आणि अकराच्या आत साखऱ्याच्या माळावर पाय टेकले. गडचिरोलीच्या त्या टोकाहून हिंगोली जिल्ह्यात बसनं यायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, बारा तास आदळायचं आणि वर चार दिवस कंबर शेकायची. आज उतरलो तेव्हा शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

आमचा विमानतळ म्हणजे माळावर अंथरलेली डांबरी पट्टी, पत्र्याचं ऑफिस, वारा दाखवणारी नारिंगी थैली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा केलेला फलक: ‘साखरा ते पेरमगट्टा. ३११ किलोमीटर. फक्त ७० मिनिटं!’ वरच्या लोकांना दुर्गम भाग जोडायचे होते. म्हणून जिथून कोणाला निघायचं नव्हतं ते गाव, जिथे कोणाला पोचायचं नव्हतं त्या गावाला जोडून टाकलं. नऊ जणांचं विमान, रोज एक फेरी. मला काय त्याचं? मोठ्या विमानतळावर उमेदीची वर्षं लोकांच्या बॅगांना पट्ट्या चिकटवण्यात गेली, ती कंपनी बुडाली, मग वर्षभर पेरमगट्ट्याच्या धावपट्टीवरची गुरं हाकली. आता मी इथला मॅनेजर आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसं का असेना.

पहिली फेरी म्हणून उद्घाटन होतं. विमान कंपनीचे संचालक स्वतः मात्र मोटारीनं आले. शेंडीला सोनेरी कागद लावलेला एक भलामोठा नारळ त्यांनी फोडला आणि भाषणात म्हणाले, वाटेतल्या सगळ्या गावांचा मिळून हा एकच. आपण वरून जाणार, शिवेशिवेवर थांबायला आपल्याला वेळ कुठे? टाळ्या पडल्या. नीलाबाई तेवढ्या टाळी न वाजवता उभ्या होत्या.

या नीलाबाई माझ्या घरमालकीण. वीस एकर हळद, दोन ट्रॅक्टर, आणि दोन्हींपेक्षा मोठा आवाज. चहा विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, की शिवेवर तुम्हाला घ्यायला घरचं कोण होतं? इकडची रीत अशी, की नवरी असो की बाळंतीण, वाटेतल्या प्रत्येक गावाच्या हद्दीवर गाडी थांबवायची, तिथल्या शिवेला नारळ नाहीतर चिमूटभर हळद द्यायची. आणि आपल्या शिवेत आलं की घरच्या माणसानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, नावानं हाक मारून आत घ्यायचं. मी म्हटलं, संचालक साहेबांनी स्वतः हार घातला की. तर म्हणतात, “हार घालून काय व्हतंय? शिवेचं ठोक नसतंय, साहेब. ज्याची त्याची येगळी ऱ्हाती.” मला हसू आलं. दोन खोल्या छान आहेत. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलीय, त्या वासानं डोकं जड झालं. लवकर झोपतो.

१७ मार्च

बस्तान बसलं. काम सोपं आहे, माणसं अवघड आहेत. इथे हाकेला ओ देण्याची पद्धत नसावी. आमचा पहारेकरी शंकरसिंग दहा पावलांवर पाठमोरा उभा असतो आणि मी घसा फोडला तरी ढिम्म. जाऊन खांद्याला हात लावला की कडक सलाम ठोकतो. चहावाल्याचं तेच. समोर उभं राहून बोललं तर गोड बोलतो, लांबून ‘एक कटिंग’ ओरडलो तर कोण ओरडलं याचं त्याला घेणंदेणं नाही. काल चाँद पाशाची जीप माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मी हाका मारत मागे धावलो, आतली माणसं माझ्याकडे बघत होती, चाँद पाशानं ब्रेकवर पाय ठेवला नाही. आज भेटल्यावर त्यानं कान धरले. “खुदा कसम साब, आवाजच न्हाई आला. तुमाला तकलीफ द्यायची काय गरज मला?” हा चाँद पाशा सेनगाव, साखरा आणि विमानतळ अशी जीप चालवतो, माणूस सरळ वाटतो. पण ऐट इथल्या पाण्यातच आहे.

पुनमला फोन केला. तिकडे पेरमगट्ट्यात ती ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, इकडच्या बदलीचा अर्ज पडून आहे. म्हणाली, फोनवर तर तुमचा आवाज चांगला खणखणीत येतोय, त्या लोकांवर कशाला डाफरता? सेवानं मधेच फोन हिसकावला आणि विमानातून गाय दिसते का, ढग हाताला लागतो का, कॅप्टनला शू आली तर काय, असे प्रश्न विचारून माझा मेंदू खाल्ला. दुसरीची परीक्षा झाली की ती सुट्टीला इकडे येणार. या पोरीशिवाय घर खायला उठतं, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

२४ मार्च

दुपारी शंकरसिंगचा फोन. पूर्वेच्या कुंपणापलीकडे गावाच्या शिवेचा दगड आहे, तिथे कालपासून एक माणूस उभा आहे म्हणे, अंगात कंपनीचाच निळा शर्ट. आत येत नाही, बोलत नाही. तुमचा भाऊ आहे का, असं त्यानं विचारलं. मला भाऊ नाही. जुन्या कंपनीतला कोणी नोकरी मागायला आला असेल. अशांची मला आता कीव येत नाही, माझी कोणाला आली होती? हाकलून दे म्हटलं.

आज विमानात दोन प्रवासी. त्यातला एक चुकून बसला होता.

२६ एप्रिल

सेवा आली!

कर्मचाऱ्याच्या मुलाला एक फुकट जागा मिळते. पुनमला रजा नाही, म्हणून पोरीला कॅप्टनच्या ओळखीनं एकटीलाच बसवलं. पिवळा फ्रॉक, निळ्या सँडल, पाठीला दप्तर. विमानातून अशी उतरली, जणू रोजच उडते. मी कुंपणापासून “सेवा! ए सेवा!” ओरडत होतो, ती सरळ माझ्या शेजारून पुढे निघाली. पंख्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. दंड धरला तेव्हा वर पाहून हसली.

नीलाबाईंनी घरात घेताना तुकडा ओवाळला, पण पुटपुटल्या की उंबऱ्यात ओवाळून काय उपेग, शिवेत ओवाळायला पायजे होता. इतक्या पैसेवाल्या बाईच्या डोक्यात काय काय भरलेलं असतं! रात्री सेवानं पिठलं-भाकरी मुकाट्यानं खाल्ली. पेरमगट्ट्यात पिठलं पाहिलं की ताट ढकलायची.

३० एप्रिल

मुलगी शहाणी झाली, असं सगळे म्हणतात. हट्ट नाही, प्रश्न नाहीत, भांडण नाही. सांगितलं तिथे बसते. पहिले दोन दिवस मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण ती हाकेला वळत नाही. आधी कशी होती? नाव पुरतं तोंडातून निघायच्या आत कुठूनतरी ओ द्यायची, न्हाणीघरातूनसुद्धा. आता पाठमोरी असली की मी मारलेली हाक भिंतीवर जाते. नीलाबाईंनी मारली, त्यांच्या सुनेनं मारली. नाही. समोर जाऊन बोललं की नीट उत्तर देते. आईची आठवण येते का विचारलं तर म्हणाली, येते. मला वाटतं, मी विचारलं म्हणून ती तसं म्हणाली.

३ मे

हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्रं लावून तपासलं. कान उत्तम, माझ्यापेक्षा चांगले. कुठल्यातरी विचारात राहत असेल, म्हणाले, नवी जागा आहे, आईपासून लांब आहे.

परत येताना चाँद पाशाच्या जीपमध्ये पुढे बसलो. तो सांगत होता, ट्रकवाल्यांमध्ये एक गोष्ट चाललीय. वणीच्या बाजूला एक लहान पोरगी एकटी रस्त्यानं चालून राहिली. थांबवलं तर थांबत नाही, गाडीत बसत नाही, प्रत्येक गावाच्या शिवेवर मात्र थोडा वेळ उभी राहते आणि मग पुढे. तोंड मावळतीकडे. “कोणाचं लेकरू हाय अल्ला जाने. आईबाप काय झोपले का?” मागच्या सीटवर सेवा खिडकीला डोकं लावून बसली होती. मी म्हटलं, असतात असे आईबाप.

६ मे

आज सकाळी उगाच एक खेळ केला. कॅप्टन पाठमोरा उभा असताना त्याला हाक मारली. वळला नाही. शंकरसिंगला मारायला लावली, त्याचा आवाज म्हणजे तोफ. तरी वळला नाही. विमानातून एक मास्तर उतरले, साखऱ्याचे जावई. फाटकाजवळ त्यांची बायको त्यांना नावानं नाही पण “अवो, अवो” करून बोलवत होती, शेजारीपाजारी ओरडले. ते तिच्या पुढून निघून गेले. तिनं बाही धरली तेव्हा हसले.

ते हसणं मी ओळखतो.

म्हणजे विमानानं येणारे हाकेला वळत नाहीत. आणि मीही विमानानंच आलो. मला इथे कोणी मागून हाक मारत असेल का, जी मला येतच नसेल?

आणि माझी हाक. इथल्या लोकांची ऐट म्हणून मी दोन महिने शिव्या घातल्या त्यांना.

८ मे

दुपारी मोबाइलवर निरोप आला. तालुक्याच्या कुठल्यातरी गटातून तो दहा जणांनी दहा जणांना पाठवलेला: ‘ही मुलगी पुसदच्या अलीकडे एकटी चालताना दिसली. नाव सेवा सांगते. बाबांकडे चालले म्हणते. गाडीत बसत नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

खाली फोटो. पिवळा फ्रॉक. एका पायात निळी सँडल, दुसरा पाय अनवाणी. केस धुळीनं पांढरे. उन्हानं डोळे बारीक केलेत.

माझी मुलगी.

तोच फ्रॉक अंगणातल्या दोरीवर वाळत होता. त्याच्याखाली ती बसली होती, हळदीच्या ढिगाशेजारी, हात मांडीवर ठेवून. मी फोटो तिच्यापुढे धरला. तिनं पाहिलं. म्हणाली, “पाय भाजत असतील तिचे.”

९ मे

नीलाबाईंपुढे फोन ठेवला. त्यांनी आधी उठून अंगणाचं दार लावून घेतलं.

मग सांगितलं. त्यांना तरी कुठे पक्कं माहीत? सासूकडून ऐकलेलं, तेही बैलगाडीच्या काळातलं. पूर्वी पोरगी पळवून आणायची तर शिवा चुकवून, आडरानातून आणायचे. तसली नवरी घरात सगळं करायची, पण हाकेला ओ द्यायची नाही. ओ देणारी, हाक मारणारी मागेच राहिलेली असायची. ती मागून पायी यायची, शिवेशिवेला थांबून, विचारून. “तुमच्या इमानानं एकबी शीव इचारली न्हाई, साहेब. अंग उडून येतंय. बाकीचं चालून येऊन राहतंय.”

आणि ती शिवेत पोचली की? की घरच्या माणसानं तिथे उभं राहायचं, तुकडा ओवाळायचा, नावानं हाक मारायची. तिनं ओ दिली की ती आत आली, आणि दोन्ही एक झाल्या. कोणी हाक मारली नाही तर थोडी वाट बघते आणि आल्या वाटेनं परत जाते. पुन्हा येत नाही.

मी म्हटलं, मग मी उभा राहीन. नीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुमची हाक शंकरसिंगला दहा पावलांवरून जात न्हाई, म्हणाल्या.

मग तो निळा शर्ट. शंकरसिंगला विचारलं. म्हणाला, साहेब, डिट्टो तुमीच. काहून खोटं बोलू? ढेकळं मारली तेव्हा गेला तो, उगवतीकडं.

मला हाकलायचा हुकूम मीच दिला. माझं गेलं ते गेलं. पोरीचं जाऊ देणार नाही.

पुनम. तिनं आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही. नवरा आयुष्यभर विमानतळावर आणि ही बसनं माहेरी जाते, यावर आम्ही किती हसलो असू. तिची हाक शाबूत आहे. फोनवरून हाक चालते का विचारलं. नाही, मारणारा शिवेत उभा पाहिजे.

फोन केला. सेवाला बरं नाही म्हटलं. काय होतंय, ताप आहे का, सलाइन लावलं का? नर्सला काय सांगणार? ये म्हटलं, लगेच ये, आणि बसनंच ये. विमानानं का नको? खरं सांगितलं असतं तर तिनं मलाच वेड्यात काढलं असतं. जागा नाही म्हणालो. आठवडाभर एकही जागा नाही. उद्या दिवसपाळी संपली की रात्रीची बस धरते, म्हणाली. रडत होती.

संचालकांनाही फोन लावला, उड्डाणं थांबवा म्हणून. ते म्हणाले, एक नारळ कमी पडत असेल तर अजून दहा फोडा आणि बिल लावा.

१० मे

चाँद पाशाला घेऊन पैनगंगेच्या पुलावर गेलो. पुलाच्या तोंडाशी लोकांनी पाण्याचा रांजण ठेवलाय, शेजारी पानावर भाकरी. कोणासाठी विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, हल्ली चालणारे लई झालेत.

अकराच्या सुमाराला ती आली. सेवा. पुलावरून, कडेकडेनं, आईनं शिकवलं तसं रस्त्याच्या उजव्या बाजूनं. दोन्ही पाय अनवाणी. टाचा फुटलेल्या. आमच्या जीपवरून तिची नजर गेली आणि पुढे गेली.

मी उतरलो, धावलो. ती आपली चालतेय, मी धावतोय. अंतर तेवढंच. मी जोरात धावलो. अंतर तेवढंच. हाका मारल्या, तिच्या नावानं, लाडाच्या सगळ्या नावांनी. शेवटी रस्त्यावर बसलो. चाँद पाशा मागून आला आणि त्यानं मला लेकरासारखं उचललं. तोही रडत होता. त्याची पोरगी, मुन्नी, एवढीच आहे.

त्यानं हिशेब केला. या चालीनं उद्या सकाळी साखऱ्याच्या शिवेत.

पुनमची बस उद्या सकाळी आठला हिंगोलीला लागते. तिथून जीपनं तास-सव्वा तास. होईल. बराबर होईल, असं चाँद पाशा म्हणतो.

संध्याकाळी पुनमचा फोन लागला नाही. बस जंगलातून येत असणार, तिथे रेंज नसते. म्हणजे बसली ती. देवा, बसली ती.

घरी सेवा जेवून झोपलीय. तिच्या पायांना हात लावून पाहिला. मऊ आहेत. मला त्या पायांची भीती वाटली. माझ्याच पोरीच्या पायांची—

११ मे

शिवेच्या दगडाशी बसलोय. नीलाबाईंनी भाकरी दिली, तांब्या दिला. त्या घरी सेवापाशी थांबल्यात. हातांना काहीतरी काम पाहिजे म्हणून लिहितोय.

पूर्वेला रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंनी काढलेल्या हळदीची रिकामी रानं. आडोसा नाही. येईल ती दिसेल.

सव्वाआठ. चाँद पाशाचा फोन. “साब, बस बराबर टायमावर आली. भाभी न्हाई त्यात.”

पुढची बस? नागपूरकडची? बघ म्हटलं. सगळ्या बघ.

फोन लागत नाही तिचा. लागत नाही.

दहा वाजून गेले. रस्त्यावर पिवळं काहीतरी. खूप लांब.

तीच.

पुनम, ये गं. कशानंही—

नाही. कशानंही नाही. बसनं. पायी. पण ये.

निरोप आला. आत्ता. पाठवलेला सकाळी साडेनऊचा, इथे रेंज येते-जाते. पुनमचा:

‘काल रात्रपाळीची सिस्टर आलीच नाही, बस हुकली, फोनचं चार्जिंगही संपलं होतं. तुम्ही म्हणालात जागा नाही, काउंटरवर विचारलं तर अर्धं विमान रिकामं! आता बसनं निघाले असते तर रात्र झाली असती. मला राहवत नाही. सत्तर मिनिटांत पोचते.’

पेरमगट्ट्याच्या काउंटरला एक फोन करायला हवा होता. एक. मला सुचलंच नाही. माझ्याच विमानतळावर—

आवाज येतोय. वरून. विमान. उगवतीकडून येतंय, खाली खाली येतंय. खिडकीत असेल ती. खाली बघत असेल. रस्त्यावरचं पोर दिसलं असेल का तिला?

सेवा दगडापलीकडे उभी आहे. हात पुढे केला तर लागेल एवढी. ओठ फुटलेत. माझ्या आरपार गावाकडे बघतेय. वाट बघतेय. तुकडा ओवाळला. हाक मारली. पुन्हा मारली. सेवा. सेवा. रक्ताची चव आली घशात. सेवा, मी आहे गं, बाबा—

विमान डोक्यावरून गेलं. उतरलं. मागे कुंपणापाशी माणसं आहेत. निळी साडी. पुनम आहे. धावत येतेय. हात हलवतेय, तोंड उघडतेय, हाक मारतेय ती, दिसतंय मला, मान ताणून मारतेय—

एक अक्षर येत नाही.

सेवा हलली. मान वळवली तिनं. हाक आली तिला! चेहरा उजळला, कितीतरी दिवसांनी तो चेहरा—

माझ्याकडे नाही. पुनमकडे नाही. मागे वळली. उगवतीकडे. तिकडून, लांबून, पेरमगट्ट्याकडून कोणीतरी तिला नावानं—

“आले गं आई,” म्हणाली, आणि पाठ फिरवून ती पळत—